अन्ननलिकेचा कर्करोग हाडांत उतरलाय, सोलापूर-बार्शीकडे कुणाला अनुभव आहे का?

धोटा

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसता वाचत आलो, लिहितोय पहिल्यांदाच. लांबेल, सांभाळून घ्या.

अप्पा, म्हणजे माझे वडील, ६८ वर्षांचे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ३५ वर्षं यंत्रमाग चालवला. तरुणपणापासून तंबाखू-चुना, कामावर विडी. चहा तर कपातून वाफा निघत असतानाच संपवायचे. आईने बशीत ओतून दिला की परत कपात ओतून घ्यायचे. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी कडक भाकरी छातीत अडकायला लागली. मग मऊ भाकरी, मग भात. चहासुद्धा घोट-घोट करून उतरवायला लागले तेव्हा एंडोस्कोपी केली. अन्ननलिकेच्या मधल्या भागात गाठ निघाली. तुकडा तपासला, स्क्वॅमस प्रकारचा, म्हणजे आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींचा कर्करोग. छातीत दम नाही, एवढं मोठं ऑपरेशन झेपायचं नाही असं ठरलं, म्हणून रेडिएशनचे २८ शेक दिले आणि सोबत दर आठवड्याला केमो. हाल झाले, पण उन्हाळा लागला तसे अप्पा दुधात कुस्करलेली भाकरी खायला लागले. जूनमध्ये पाहुण्यांच्या लग्नात पंगतीला बसले. आम्हाला वाटलं, सुटलो.

गणपती बसले आणि कंबर धरली.

कंबर कुणाची दुखत नाही? उभं आयुष्य मागापुढे उभं राहून गेलेलं. आम्ही बाम लावला, गरम पाण्याची पिशवी दिली. गल्लीतल्या डॉक्टरांनी वयाचं दुखणं म्हणून गोळ्या दिल्या, एक्स-रे काढला, तो साफ आला. मग पट्टा बांधला. मग मी स्वतः एका मालिशवाल्याला घरी आणलं. तो पाठीवर गुडघा रोवून दाबायचा आणि अप्पा उशीत तोंड खुपसून कण्हायचे. ते आठवलं की आजही माझ्या पोटात कालवतं.

लक्षात यायला हवं होतं ते असं की हे दुखणं आडवं पडल्यावर वाढायचं. दिवसा बरे दिसायचे. रात्री दोन-अडीचला जाग आली की बघायचो, तर अप्पा लोखंडी खाटेवर बसलेले, दोन्ही हातांनी पायथ्याची दांडी धरून. दांडीवरचा हिरवा रंग त्या जागी उडालाय.

दसऱ्यानंतर वेगळंच सुरू झालं. सारखी तहान, सारखी लघवी, आठ-आठ दिवस संडासला नाही, आणि बोलण्यात गडबड. सकाळी सात वाजता मला म्हणाले, "पाळी बदलायची झाली, भोंगा ऐकू आला नाही का?" कारखाना सुटून आठ वर्षं झालीत. आम्ही म्हातारपण म्हणालो. शेवटी सिव्हिलला नेलं, तिथल्या एका निवासी डॉक्टर ताईंनी रक्तातलं कॅल्शियम तपासायला लावलं. १३.२ आलं. साडेदहाच्या वर असू नये म्हणतात. त्याच रात्री सलाईन सुरू केलं, दोन दिवसांनी एमआरआय, मग पेट स्कॅन. पाठीचा दहावा मणका, कमरेचा दुसरा मणका आणि उजव्या कुल्ल्याचं हाड. कुल्ल्याच्या हाडाचा तुकडा तपासला, तोच स्क्वॅमस.

डॉक्टर म्हणाले, हा रोग आधी गाठींत, यकृतात, फुफ्फुसात जातो, हाडांत क्वचित. आमचं यकृत आणि फुफ्फुस स्वच्छ आहे, हाडांतच गेलाय.

मला विचारायचंय ते हे. गाठ छातीत, मग मणक्यात आणि कुल्ल्यात पोचलीच कशी? एका ठिकाणी म्हणतात दुखण्यासाठी एकच शेक पुरे, दुसरीकडे दहा सांगतात. मॉर्फिन लिहून दिलंय, पण थोरले काका म्हणतात त्याची नशा लागते, सुरू करू नका. आणि पुढचं बार्शीला करावं की मुंबई गाठावी? आई दिवसभर देवघरासमोर बसून असते, तिच्याशी काही बोलता येत नाही. म्हणून इथे.

सात_रस्ता

धोटा, वाचून गलबलून आलं. मीही सोलापूरचाच. रात्री-अपरात्री गाडी लागली, रक्त लागलं, संपर्कातून कळवा. खरंच कळवा.

कुंभारी

पाठीचा टीबी नाही ना, ते नक्की बघितलंय का? आमच्या शेजाऱ्यांना आधी कॅन्सर सांगितलं आणि निघाला टीबी. वर्षभर गोळ्या खाऊन माणूस ठणठणीत आहे.

धोटा

कुंभारी, आम्हालाही तीच आशा होती. म्हणूनच तुकडा तपासेपर्यंत थांबलो. टीबी नाही.

किरणविभाग

मी किरणोपचार विभागात काम करतो, सोलापुरात नाही. तुमचे रिपोर्ट पाहिलेले नाहीत, तेव्हा हे सर्वसाधारण समजा, निर्णय तुमच्या डॉक्टरांसोबतच घ्या.

आधी कुंभारी यांच्या शंकेबद्दल, कारण ती रास्त आहे. आपल्याकडे मणक्याचा टीबी भरपूर. टीबी सहसा दोन मणक्यांमधली चकती खातो आणि शेजारशेजारचे दोन्ही मणके धरतो. कर्करोग बहुधा चकती सोडतो आणि मणक्याच्या आत बसतो. पण हे ठोकताळे आहेत. आधी कर्करोग होऊन गेलेल्या माणसाच्याही हाडात एखादाच डाग दिसला तर तुकडा तपासल्याशिवाय शिक्का मारू नये. तुम्ही तपासलात, उत्तम केलंत.

आता कसा पोचला ते. पोटातल्या बहुतेक अवयवांना बाहेरून एक पातळ, गुळगुळीत आवरण असतं. अन्ननलिकेला छातीत ते नाही. शिवाय तिच्या आतल्या थरात लसवाहिन्यांचं जाळं उभं, वरखाली पसरलेलं असतं. त्यामुळे रोग भिंतीबाहेर आणि गाठींत लवकर जातो. रक्तावाटेही जातो, आणि त्यात एक आडवाट आहे. अन्ननलिकेचं अशुद्ध रक्त मोठ्या प्रमाणात ॲझायगस नावाच्या शिरेत जातं, आणि ती शीर मणक्यांभोवतीच्या शिरांच्या जाळ्याला जोडलेली असते. त्या जाळ्यात झडपा नाहीत. खोकला, कुंथलं, वजन उचललं की छाती-पोटातला दाब वाढतो आणि रक्त उलटं मणक्यांकडे, कुल्ल्याकडे ढकललं जातं. बॅट्सन नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने हे १९४० साली मांडलं. यकृत-फुफ्फुस स्वच्छ असताना हाडांत रोग कसा दिसतो, याचं हे एक स्पष्टीकरण.

हाडात पोचल्यावर या पेशी स्वतः हाड खात नाहीत, खायला लावतात. आपल्या हाडात जुनं पाडणाऱ्या आणि नवं बांधणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी जन्मभर काम करत असतात. कर्करोग पाडणाऱ्यांना चेतवतो. पाडकाम वाढलं, बांधकाम मागे पडलं की हाड पोखरतं, आणि त्यातलं कॅल्शियम रक्तात उतरतं. स्क्वॅमस प्रकारात भर म्हणजे गाठीतून एक संप्रेरकासारखं प्रथिन सुटतं, तेही रक्तातलं कॅल्शियम चढवतं. तहान, लघवी, बद्धकोष्ठ, भ्रम हे सगळं त्यातून आलेलं. अप्पांना भोंगा ऐकू येत नव्हता तो म्हातारपणामुळे नाही. हे अनेक घरांत "आता त्यांचं संपत आलं" म्हणून सोडून दिलं जातं, आणि सलाईन-इंजेक्शनने माणूस चार दिवसांत भानावर येऊ शकतो, म्हणून मुद्दाम लिहितोय.

एक्स-रे साफ आला यात कुणी लपवलं नाही. हाडातला साधारण ३० ते ५० टक्के चुना, म्हणजे कॅल्शियम, गेल्याशिवाय साध्या एक्स-रेत खड्डा दिसत नाही. ज्याला कर्करोग होऊन गेलाय आणि रात्री झोपल्यावर दुखतंय, त्याचा साफ एक्स-रे म्हणजे सुटका नव्हे. तिथे एमआरआयच लागतो.

शेकांचं. फक्त दुखणं कमी करण्यासाठी ८ ग्रेचा (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं माप) एकच शेक आणि १० शेकांत मिळून ३० ग्रे, यांची अनेक देशांत तुलना झालीय. वेदना कमी होण्यात फरक नाही. १० जणांमागे साधारण ६ जणांना चांगला आराम पडतो. एकच शेक घेतलेल्यांना त्याच जागी पुन्हा शेक लागण्याचं प्रमाण जास्त, एवढंच. प्रवासाने पिचलेल्या माणसाला एकच दिला तर डॉक्टर टाळाटाळ करताहेत असं समजू नका. मात्र मज्जारज्जूवर दाब आला असेल किंवा हाड मोडायला आलं असेल तर हिशोब वेगळा, तिथे कधी आधी ऑपरेशनही लागतं.

आणि हे विसरू नका: अप्पांना छातीत आधी २८ शेक झालेत. पाठीचा दहावा मणका त्या जुन्या क्षेत्राच्या कडेला येऊ शकतो. मज्जारज्जूला किती मात्रा आधीच मिळालीय हे बघितल्याशिवाय तिथे नवा शेक ठरवता येत नाही. जिथे शेक घेतले तिथून त्यांचा आराखडा आणि मात्रेचे कागद मागून घ्या. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही.

शेकानंतर पहिले दोन-तीन दिवस दुखणं भडकू शकतं. घाबरू नका. आराम पडायला दोन ते चार आठवडे लागतात.

धोटा

किरणविभाग, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. जुन्या शेकांच्या कागदांचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. उद्याच जातो.

मोहोळची_लेक

दादा, मी सासऱ्यांचं सांगते. त्यांचा कर्करोग वेगळा होता, पण मणक्यात उतरलेला. एका रविवारी सकाळी अंगणात चालताना त्यांच्या उजव्या पायातली चप्पल निसटली आणि ते तसेच पाच-सहा पावलं पुढे गेले. मी मागून ओरडले, "मामा, चप्पल!" त्यांनी खाली बघितलं, तेव्हा कळलं त्यांना. पायाला जाणवलंच नव्हतं. आम्ही हसलो. मामाही हसले.

संध्याकाळी पाय जड झाले. सोमवारी लघवी अडली, तर आम्ही प्रोस्टेट असेल म्हणालो. मंगळवारी दवाखान्यात नेलं तेव्हा दोन्ही पाय गेले होते. स्टेरॉईडचं इंजेक्शन दिलं, शेक दिले, पण पाय परत आले नाहीत. पुढचे पाच महिने मी आणि जाऊबाई त्यांना कुशीवर वळवत होतो. डॉक्टर म्हणाले, रविवारी आणलं असतं तर चालत राहिले असते कदाचित.

पाय लटपटणं, कमरेखाली मुंग्या किंवा बधिरपणा, लघवी-संडासचा ताबा जाणं, छाती-पोटाभोवती कुणी दोरी आवळल्यासारखं वाटणं, यातलं एकही दिसलं तर रात्र असो, सण असो, तासाभरात निघा. सकाळ होऊ दे म्हणू नका. आणि चपलेकडे लक्ष ठेवा, दादा.

किरणविभाग

मोहोळची_लेक, तुम्ही लिहिलंत ते कुठल्याही पुस्तकापेक्षा नीट लिहिलंत. माणूस ज्या अवस्थेत उपचाराला पोचतो, बहुतेक त्याच अवस्थेत राहतो. चालत आला तर चालत राहण्याची शक्यता बरीच. पाय गेल्यावर आला तर परत उभं राहणं अवघड. म्हणून तो एक दिवस महत्त्वाचा.

हिरवा_चुडा

माझ्या मावशीने हाडं मजबूत व्हावीत म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या, नाचणी आणि भरपूर दूध सुरू केलं होतं. तुम्हीही करून बघा. शिवाय एका वैद्यांचा काढा आहे, हवा असेल तर पत्ता देते.

तुळशीकट्टा

हिरवा_चुडा, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. पण धोटा, कृपा करून हे करू नका. अप्पांच्या रक्तात कॅल्शियम आधीच चढलेलं आहे. हाड कॅल्शियम कमी पडून पोखरलेलं नाही. वरून गोळ्या दिल्या तर भ्रम परत येईल. पुढे हाडांचं इंजेक्शन दिल्यावर उलट कॅल्शियम घसरू शकतं, तेव्हा डॉक्टर स्वतःच गोळ्या लिहून देतात. म्हणजे त्याच गोळ्या आज विष आणि महिन्याने औषध. काढ्यात काय आहे ते माहीत नसेल तर मूत्रपिंडाला धोका, आणि मूत्रपिंड धड नसेल तर ते इंजेक्शनच देता येत नाही.

मी परिचारिका आहे. २० वर्षांत शेवटची ९ वर्षं वेदनाशमनाच्या कामात, म्हणून मॉर्फिनबद्दल हक्काने लिहिते.

काकांना सांगा, नशेसाठी घेणं आणि वेदनेसाठी घेणं एक नाही. वेदनेच्या मापाने, डॉक्टरांच्या देखरेखीत, तोंडावाटे दिलेल्या मॉर्फिनचं असं व्यसन लागणं फार क्वचित. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ पासून कर्करोगाच्या तीव्र वेदनेसाठी हेच औषध पायरीवर वर ठेवलंय. आपल्याकडे ते मिळायचं नाही याला १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा कारण होता. परवाने इतके की दवाखाने ठेवायचेच नाहीत. २०१४ मध्ये कायदा बदलला, आता मान्यताप्राप्त संस्थांना ठेवता येतं. गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळालं नाही म्हणजे औषध वाईट असं नाही.

गोळी घड्याळाप्रमाणे द्यायची. साधी गोळी दर चार तासांनी. दुखायला लागल्यावर नाही, दुखण्याच्या आधी. मॉर्फिन सुरू झालं त्याच दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सुरू, कारण बद्धकोष्ठ होतंच होतं आणि ते आपोआप जात नाही. पहिले दोन-तीन दिवस मळमळ आणि गुंगी, ती बहुधा ओसरते. गुंगी वाढतच गेली, श्वास मंदावला, तर लगेच फोन. मूत्रपिंडाचा रिपोर्ट बिघडला असेल तर मात्रा डॉक्टर बदलतात, म्हणून तो दाखवल्याशिवाय वाढवायचं नाही.

अप्पांना गिळायचा त्रास परत सुरू झाला तर साधी गोळी पाण्यात विरघळवता येते. बारा तासांची हळूहळू सुटणारी गोळी मात्र कुटायची नाही, कधीच नाही, बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं. त्यापेक्षा कातडीवर चिकटवायचा फेंटॅनिलचा पॅच असतो, तो तीन दिवस चालतो. त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, उष्णतेने औषध भसकन सुटतं. तुमच्याकडे पिशवीची सवय आहे म्हणून सांगितलं.

एक वही करा. वेळ, गोळी, दुखणं दहापैकी किती, संडास झाली की नाही. डॉक्टरांपुढे ती वही ठेवली की पाच मिनिटांत पंधरा मिनिटांचं काम होतं.

अप्पांचे दात कसे आहेत?

धोटा

तुळशीकट्टा ताई, दात तंबाखूने पार गेलेत. खालचे दोन हलतात. का विचारलंत?

तुळशीकट्टा

हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन देतात, महिन्याला किंवा तीन महिन्यांनी. हाड पाडणाऱ्या पेशींना ते आवरतं, मोडण्याचा धोका कमी करतं. पण ते सुरू असताना दात काढला तर काहींच्या जबड्याचं हाड भरत नाही, उघडं पडतं. म्हणून शक्य असेल तेव्हा हलणारे दात आधी काढून, जखम भरू देऊन मग इंजेक्शन. कॅल्शियम १३ वर असताना थांबता येत नाही, पहिलं देऊन टाकतात. पुढच्याच्या आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा.

बार्शी_लाईट

बार्शी की मुंबई यावर. मी बार्शीचा, आईचे उपचार इथल्या नर्गिस दत्त रुग्णालयात केले. दुखण्यासाठीचा शेक, केमो, मॉर्फिन एवढ्यासाठी अप्पांना मुंबईला नेऊ नका. सोलापूरहून बार्शी ७० किलोमीटर, सकाळी निघून संध्याकाळी घरी. कणा पोखरलेल्या माणसाला सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या बर्थवर रात्रभर हादरे बसणं नको. मुंबईचं मत हवंच असेल तर कागद, सीडी आणि तपासलेल्या तुकड्याचे मेणातले ब्लॉक घेऊन तुम्ही एकटे टाटाला जाऊन या. मी तसंच केलं होतं. त्यांनीही तेच उपचार सांगितले, आणि माझं मन शांत झालं.

इथे कर्करोगाची नोंदवही १९८७ पासून ठेवली जाते, खेड्यापाड्यांतल्या रुग्णांची. देशातली ग्रामीण भागाची ती पहिली. म्हणजे आपल्या भागातली माणसं त्यांना नवीन नाहीत, विडी-तंबाखूचं सांगताना लाजावं लागत नाही.

रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्र असतो, आधी त्याला भेटा, मग केसपेपर. आम्ही उलटं केलं आणि पहिले पैसे खिशातून गेले. गाडीत मागच्या सीटवर पाठीला घट्ट गादी द्या, आणि वैरागच्या रस्त्याने हळू आणा.

नवी_पेठ

राग मानू नका, पण डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत? त्याप्रमाणे खर्चाचं ठरवता येतं.

सात_रस्ता

नवी_पेठ, हे असं विचारतात का?

धोटा

सात_रस्ता, असू दे. प्रश्न माझ्याही मनात रोज येतो.

डॉक्टर म्हणाले, हा आता चौथ्या टप्प्यातला आहे. मुळासकट काढता येणार नाही. महिन्यांत मोजायचं, वर्षांत नाही. काही जणांना केमोने किंवा नव्या इम्युनोथेरपीने जास्त काळ मिळतो, पण अप्पांची ताकद बघून ठरवू. इम्युनोथेरपीचा खर्च विचारला. आमचं घर विकूनही वर्ष निघायचं नाही.

आम्ही अप्पांना काहीच सांगितलं नव्हतं. आई म्हणायची, सांगितलं तर खचतील. रिपोर्ट मी कपाटात साड्यांखाली ठेवायचो. परवा रात्री तीनला ते तसेच दांडी धरून बसलेले. कॅल्शियम उतरल्यापासून बोलणं स्वच्छ झालंय. मी शेजारी बसलो. म्हणाले, "मागाचा बीम सरत आला की आवाज बदलतो. बघावं लागत नाही, कानाला कळतं. मला सांग, किती तार राहिलीय?"

मला खोटं बोलता आलं नाही. रोग हाडांत गेलाय हे सांगितलं. दुखणं मात्र थांबवता येतं हेही सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे कंबर माझी नाटकं करत नव्हती." महिनाभर आम्ही सगळे म्हणत होतो, वयाचं आहे, मनावर घेऊ नका. त्यांना वाटायला लागलं होतं की आपणच नाजूक झालोय.

त्यांनी स्वतः काकांना फोन लावला आणि सांगितलं, उद्यापासून ती गोळी घेणार आहे.

मोहोळची_लेक

दादा, मामांना आम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यांना कळलं होतं, आम्हाला माहीत होतं की त्यांना कळलंय, आणि पाच महिने दोन्हीकडून नाटक चाललं. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत.

किरणविभाग

नवी_पेठ यांचा प्रश्न टोचला असेल, पण प्रामाणिक उत्तराने निर्णय सोपे होतात हे खरं. रोग चौथ्या टप्प्यातला असताना कुल्ल्याला-मणक्याला शेक का द्यायचा, असं बरेच नातेवाईक विचारतात. उरलेले महिने झोपून काढायचे की बसून, खाटेच्या दांडीला धरून की कुशीवर, एवढ्यासाठी द्यायचा. मी रोज हेच काम करतो आणि मला ते लहान वाटत नाही.

आणखी एक. "क्वचित" या शब्दाने आम्हा डॉक्टरांचीही फसगत होते. अन्ननलिकेचा रुग्ण कंबर दुखते म्हणाला की हात आधी वेदनाशामकाकडे जातो, कारण हाडांत क्वचित जातो हे डोक्यात पक्कं असतं. धागा वाचणाऱ्या कुणाच्या घरी असा रुग्ण असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा: हे हाडांतलं असू शकतं का, आणि नाही तर कशावरून? अनोळखी खोलीत जाऊन विचारायला धीर लागतो, तरी विचारा.

धोटा

अपडेट देतोय, उशीर झाला.

बार्शीला गेलो. जुना आराखडा दाखवला. दहावा मणका खरंच जुन्या क्षेत्राच्या खालच्या कडेवर आला, म्हणून तिथे पाच भागांत कमी मात्रेने दिला, आणि कमरेच्या मणक्याला व कुल्ल्याला एकेकच. कागद नेले नसते तर काय झालं असतं माहीत नाही. कुल्ल्याच्या हाडाला सळई घालायची गरज नाही म्हणाले, पण काठी वापरायची, वाकून काही उचलायचं नाही, पाट-चटई बंद.

दुसऱ्या रात्री दुखणं इतकं भडकलं की आई म्हणाली, बघा, उगाच नेलं. मी हा धागा उघडून तिला किरणविभाग यांचं वाक्य वाचून दाखवलं. चौथ्या दिवशी उतरलं.

आज १९ वा दिवस. वही माझी मुलगी भरते, सातवीत आहे. दहापैकी आठ-नऊ असायचं, आता दोन-तीन. कॅल्शियम ९.८. दोन दात काढले. रोज सकाळी अप्पा दारात चपला घालतात, आणि मी न बोलता त्यांच्या पायांकडे बघतो. त्यांना कळलंय, त्यामुळे तेच पाय हलवून दाखवतात.

केमोचं पुढच्या आठवड्यात ठरेल. अप्पा म्हणतात, गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा होईपर्यंत अंगात ताकद राहिली पाहिजे, नंदीध्वजांची मिरवणूक बघायचीय, नंतर काय ते करा. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि तारखा त्याप्रमाणे मांडतो म्हणाले.

सात_रस्ता, तुमची गाडी त्या दिवशी लागली नाही, पण यात्रेच्या दिवशी लागेल. मिरवणुकीच्या वाटेवर कुठे खुर्ची टाकता येईल असं ओळखीचं घर आहे का?

सात_रस्ता

आहे. मावशीचं, पहिल्या मजल्यावर, पण जिना आहे. खाली दुकानाच्या फळीवर खुर्ची मांडू, पाठीला उशी लावू. सकाळी लवकर न्यायला येतो, गर्दी व्हायच्या आत. अप्पांना चहा कसा लागतो ते सांगून ठेवा.

धोटा

कोमट. आता बशीतून पितात.